पत्र उघडले कोणी, हे पाहतो कोण?

गेल्या वर्षीची गोष्ट. दुसरे सत्र संपत आले होते आणि परीक्षेचे वेळापत्रक पालकांना कळवायचे होते. पूर्वी हे काम वहीवर होत असे. मी फळ्यावर लिहायचे, मुलांनी ते संपर्कवहीत उतरवून घ्यायचे, घरी आईने किंवा वडिलांनी खाली सही करायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी रांगेतून फिरून सह्या पाहायच्या. हल्ली बरेच पालक म्हणतात, “मिस, ई-मेलच पाठवा, मुलं वही हरवतात.” तेव्हा एका तरुण सहकाऱ्याने मला संगणकावरची एक सोय दाखवली. एकच पत्र लिहायचे, ते प्रत्येकाच्या नावानिशी साऱ्या पालकांना एका दमात जाते. वर शाळेचे चित्र, खाली फुलांची नक्षी, आणि एक पैसा पडत नाही. मी पत्र लिहिले, कळ दाबली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पाहते तो पडद्यावर एक तक्ता उभा! ३४ पालकांची नावे. प्रत्येक नावापुढे पत्र कधी उघडले, किती वेळा उघडले, फोनवर की संगणकावर, याची नोंद. एका वडिलांनी ते पहाटे दोन वाजता उघडले होते. एका आईने पाच वेळा. आणि सात जणांच्या नावापुढे शून्य.

हा तक्ता मी मागितला नव्हता. पण खरे सांगते वाचकहो, तो मी शेवटपर्यंत वाचला, आणि वाचताना मला बरे वाटले. आपल्याला काहीतरी कळले आहे, जे समोरच्याला ठाऊक नाही, यात एक सूक्ष्म सुख असते. ते सुख चांगले की वाईट, हा प्रश्न त्या क्षणी माझ्या मनात आला नाही.

तो चार दिवसांनी आला. त्या सात शून्यांपैकी एक आई शाळेच्या फाटकापाशी भेटली. तिचा मुलगा गृहपाठात मागे पडत होता, त्यामुळे माझ्या मनात राग आधीच साठलेला. मी म्हटले, “निदान शाळेचं पत्र तरी उघडून पाहत जा.” ती काही बोलली नाही. पिशवीतून घडी घातलेला कागद काढून तिने माझ्यापुढे धरला. त्यावर सगळे वेळापत्रक तिच्या अक्षरात, तारखांसकट. “मिस, मी दोनदा वाचलं. चित्रं आली नाहीत, पण अक्षरं आली. फोनचं पॅकेज पुरावं म्हणून चित्रं बंद करून ठेवलीत.”

मला काय बोलावे सुचेना. तक्त्यातले शून्य खोटे होते. पण घरी जाताना आणखी एक गोष्ट मनाला टोचत राहिली. ते शून्य खरे असते, तरी ते पाहण्याचा अधिकार मला होता काय?

अदृश्य ठिपका

ही युक्ती चालते तरी कशी, हे मी मग नीट समजून घेतले. ती इतकी साधी आहे की पाचवीच्या मुलालाही सांगता येईल.

ई-मेलमध्ये जी चित्रे दिसतात, त्यांतली बरीचशी पत्राबरोबर येतच नाहीत. पत्रात केवळ चित्राचा पत्ता असतो. आपण पत्र उघडले की आपला फोन किंवा संगणक त्या पत्त्यावर जातो, दूरच्या यंत्राकडे चित्र मागतो आणि ते पडद्यावर लावतो. चित्र मागायचे म्हणजे काही ओळख द्यावी लागते. कोठे पाठवायचे, कोणत्या प्रकारच्या यंत्रावर, हे सारे त्या मागणीत येते, आणि दूरचे यंत्र ते आपल्या नोंदवहीत टिपून ठेवते.

पाळत ठेवणाऱ्याने याच रीतीचा उपयोग करून घेतला. तो पत्रात एक टिंब आडवे, एक टिंब उभे एवढे पारदर्शक चित्र घालतो. ते डोळ्यांना दिसत नाही. त्याचे वजन जेमतेम चाळीस-पन्नास बाइट, म्हणजे अर्ध्या ओळीच्या मजकुराइतके. मात्र प्रत्येक पत्रातल्या ठिपक्याचा पत्ता वेगळा. तुमच्या पत्रातला ठिपका तुमच्याच नावाचा, शेजारणीच्या पत्रातला तिच्या नावाचा. तो ठिपका मागितला गेला की पाठवणाऱ्याला कळते, अमक्याने पत्र उघडले. वेळ कळते, यंत्राचा प्रकार कळतो, आणि इंटरनेटच्या जोडणीच्या क्रमांकावरून देश व बहुधा गावाचा परिसरही कळतो. पुन्हा उघडले, पुन्हा नोंद.

दुवे, म्हणजे ज्यावर बोट टेकले की दुसरे पान उघडते ती जागा, त्यांचेही तसेच. बोट टेकल्यावर आपण थेट दुकानाच्या पानावर जात नाही. आधी मोजणाऱ्याच्या दारातून जातो, तेथे नावाची नोंद होते आणि मग पुढे ढकलले जातो. हे इतक्या झटकन होते की दार लागले हे कळतही नाही.

त्या आईने चित्रे बंद ठेवली होती, म्हणून ठिपका मागितला गेला नाही, म्हणून शून्य. यंत्राच्या भाषेत ‘उघडले’ याचा अर्थ ‘ठिपका मागितला’ एवढाच. मी त्याचा अर्थ ‘आस्था आहे’ असा लावला आणि ‘शून्य’ याचा अर्थ ‘बेफिकिरी’. अध्यापनाच्या प्रशिक्षणात आम्हाला बजावले जाई की आधी पाहा, मग विचारा, निष्कर्ष सर्वांत शेवटी. वीस वर्षे मुलांना हेच शिकवत आले आणि स्वतः मात्र पहिल्याच तक्त्यापुढे घसरले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

हे आले कोठून?

संगणकांच्या जाळ्यावरून एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे पत्र पाठवण्याची रीत रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ साली सुरू केली. जाहिरात मागोमाग आलीच. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क नावाच्या विक्री अधिकाऱ्याने त्या वेळच्या आर्पानेट जाळ्यावरील सुमारे चारशे जणांना एकगठ्ठा पत्र पाठवले. नको असलेल्या जाहिराती टपालाचा तो पहिला प्रसंग मानला जातो. तेव्हा लोक रागावले, पण त्या पत्रात डोळे नव्हते. ते साधे अक्षरांचे पत्र होते. पुढे १९९० च्या दशकात पत्रात चित्रे, रंग व दुवे घालता येऊ लागले, आणि त्या चित्रांच्या आडून ठिपका आत शिरला.

हा ठिपका केवळ दुकानदारांच्या हाती राहिला नाही, हे २००६ साली जगाला दिसले. ह्यूलेट-पॅकार्ड या मोठ्या अमेरिकन कंपनीच्या संचालक मंडळातील बातम्या बाहेर फुटत होत्या. कोण फोडतो ते शोधण्यासाठी कंपनीच्या तपासनिसांनी खोट्या नावाने एका महिला वार्ताहराला ई-मेल पाठवले आणि त्यात माग काढणारी युक्ती ठेवली. तिने ते पत्र पुढे कोणाला पाठवले तर तो मनुष्य सापडेल, असा हिशेब. प्रकरण उघडकीस आले, अमेरिकन काँग्रेसपुढे सुनावणी झाली आणि मंडळाच्या अध्यक्षा पॅट्रिशिया डन यांना पद सोडावे लागले. त्या प्रकरणात फोनच्या नोंदी फसवून मिळवणे हा मोठा आरोप होता, तरी ठिपक्याची गोष्ट त्यानिमित्ताने सामान्य माणसाच्या कानावर गेली.

२०१९ च्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्याकडील हिवाळ्यात, दुसरे प्रकरण गाजले. सुपरह्युमन नावाच्या महागड्या ई-मेल सेवेत पाठवणाऱ्याला आपले पत्र कोणी, कधी आणि जगाच्या कोणत्या भागात उघडले, हे आपोआप दिसत असे. माइक डेव्हिडसन या अमेरिकन रचनाकाराने त्यावर सविस्तर लेख लिहून विचारले की पाठवणारा दुष्ट हेतूचा असेल तर काय? एखाद्या स्त्रीच्या मागे लागलेल्या माणसाने तिला पत्र पाठवले, तर ती ते नुसते उघडूनच आपला ठावठिकाणा त्याला कळवणार. उत्तर देण्याचीही गरज नाही. काही दिवसांतच कंपनीचे प्रमुख राहुल व्होरा यांनी क्षमा मागितली, ठिकाणाची नोंद बंद केली व जुन्या नोंदी पुसण्याचे जाहीर केले. उघडल्याची नोंद मात्र पूर्णपणे गेली नाही. ती आपोआप चालू राहण्याऐवजी ज्याने मागितली त्यालाच मिळेल, असे ठरले.

प्रमाण किती? अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी ९०२ संकेतस्थळांच्या टपालयादीत नाव घालून आलेली १२,६१८ पत्रे तपासली. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यातील सुमारे ३० टक्के पत्रे अशी निघाली की ती नुसती उघडली तरी वाचणाऱ्याचा ई-मेल पत्ता, सरळ किंवा सांकेतिक रूपात, कोणा तिसऱ्याकडे जात होता. हा तिसरा म्हणजे बहुधा जाहिरातींचा धंदा करणारा. पत्र चपलांच्या दुकानाचे, पण उघडल्याची वर्दी गेली भलत्याच घरी. आणि ई-मेलचा पत्ता ही काही साधी वस्तू नव्हे. घर बदलते, फोन बदलतो, पण हा पत्ता वर्षानुवर्षे तोच राहतो. त्या एका धाग्यावर माणसाची सगळी खरेदी, वाचन आणि आजारपणसुद्धा ओवता येते.

आमच्या गावचे दुकान

माझ्या लहानपणी आमच्या गावात कोपऱ्यावर चिनी माणसाची लाबुतिक होती. तशी ती तेव्हा गावोगाव होती. महिनाभर तांदूळ, डाळ, तेल, खारी मासळी उधारीवर न्यायची आणि पगार झाला की चुकते करायचे. हिशेब ‘कार्ने’त लिहिला जाई. कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाच्या घरी दारूची बाटली जास्त गेली, कोणाचा ऊसतोडणीचा पैसा अजून आला नाही, हे त्या दुकानदाराला सारे ठाऊक असे. मग आज पाळत ठेवणारे वेगळे काय करतात, असे कोणी विचारील.

फरक आहे, आणि तो मोठा आहे. तो कार्ने आमच्या आईच्या हातात असे. दुकानदार जे लिही ते तिच्या डोळ्यांदेखत लिही, आणि चूक असली तर ती तेथेच भांडे. त्याला आमचे माहीत होते, तसे आम्हालाही त्याचे माहीत होते. त्याची मुले आमच्याच शाळेत होती. आणि कार्ने संपला की त्याची पाने पुड्या बांधायला जात. तो कोणा दूरच्या व्यापाऱ्याला विकला जात नसे.

टपालखात्याची रजिस्टर चिठ्ठी घ्या. तिचीही पोचपावती पाठवणाऱ्याला मिळते. पण पोस्टमन दारात उभा राहतो, पुस्तक पुढे करतो, आणि आपण सही करतो. सही करायची नसेल तर चिठ्ठी परत पाठवता येते. संपर्कवहीतली सही तशीच. आईने पेन हातात घेतले, याचा अर्थ तिने मला कळवायचे ठरवले. ठिपका हीच पोचपावती घेतो, पण सही न मागता, दार न ठोठावता. सही आणि ठिपका यांतून मिळणारी माहिती एकच असेल. एकीत माणूस सांगतो, दुसऱ्यात त्याच्याकडून काढून घेतले जाते.

व्यापाऱ्याची बाजूही ऐकावी

एकतर्फी निकाल देणे बरे नाही. माझी एक मावसबहीण पश्चिम किनाऱ्यावर पर्यटकांसाठी चार खोल्यांचे घर चालवते. येऊन गेलेल्या पाहुण्यांना ती वर्षातून चार-पाच पत्रे पाठवते. तिला मी हे सगळे सांगितले तेव्हा ती उसळून म्हणाली, “ताई, तुझं ठीक आहे, तुला पगार मिळतो. माझ्या यादीत सहाशे माणसं. दोनशे जण वर्षभर पत्र उघडत नाहीत, म्हणून मी त्यांना काढून टाकते. हे त्यांच्याच सोयीचं नाही का? नको त्याला पत्र पाठवायचं नाही, हाच तर शिष्टाचार!”

तिचे म्हणणे खोटे नाही. न वाचणाऱ्यांना पाठवत राहिले तर टपाल सांभाळणाऱ्या कंपन्या पाठवणाऱ्यालाच त्रासदायक ठरवतात आणि मग वाचू इच्छिणाऱ्यांपर्यंतही पत्र पोहोचत नाही. मोठ्या हॉटेलांकडे जाहिरातीला लाखो रुपये असतात, तिच्याकडे एक यादी. कोणते पत्र आवडले, कोणते नाही, हे तिला कळायला नको काय? आणि आपली कितीतरी मुले-मुली एबेनच्या सायबरसिटीत परदेशी, विशेषतः फ्रेंच कंपन्यांची कामे करतात. त्यांतल्या कोणाच्या टेबलावर हेच तक्ते असतील. त्यांना चोर म्हणणे अन्याय होईल. त्यांना ते साधन आधीच चालू करून हातात दिलेले असते, जसे मला दिले.

मग मी तिला दोन गोष्टी विचारल्या. पहिली व्यवहाराची. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या टपालसेवेत एक सोय आली. ती चालू केली की पाहणाऱ्याने पत्र उघडो वा न उघडो, त्यातली चित्रे कंपनीची यंत्रे आधीच आणून ठेवतात आणि वाचणाऱ्याचा ठिकाणा झाकतात. म्हणजे ज्याने पत्र पाहिलेही नाही तो ‘उघडले’ या रकान्यात जातो. उलट चित्रे बंद ठेवून अक्षर न् अक्षर वाचणारा ‘शून्य’ ठरतो. मग तिने काढून टाकलेल्या दोनशे जणांत तिच्या घराची आठवण काढणारे किती होते, हे तिला कसे कळणार?

दुसरी गोष्ट नीतीची. मी म्हटले, “तुझ्या पाहुण्यांच्या खोलीत ते किती वाजता झोपतात हे पाहायला तू फट ठेवशील का? नाश्ता वेळेवर देता यावा म्हणून?” ती हसली. मग गप्प झाली. मग म्हणाली, “विचारीन. सकाळी किती वाजता नाश्ता हवा, असं विचारीन.”

सगळे उत्तर त्यात आले. वर्षातून एकदा साधे पत्र पाठवावे, ‘आमची पत्रे हवीत काय? हवी असतील तर एवढेच कळवा.’ जो कळवील तो यादीत. किती जणांनी खोली राखून ठेवली, किती जणांनी उत्तर लिहिले, हे तर चोरून मोजावेच लागत नाही.

मोजणे वेगळे, पाळत वेगळी

सभेला किती लोक आले हे मोजण्यात कोणाचे काही जात नाही. दारात उभे राहून कोण कोण आले, किती वाजता आले आणि मधूनच कोण उठून गेले, हे वहीत टिपणे निराळे. शंभर पत्रांपैकी चाळीस उघडली गेली, एवढेच कळत असेल तर फार बिघडत नाही. नावागणिक टिपणे आले की तेच पाळत होते. मोजणीसाठी नावाची गरज नसते. नाव लागते ते त्या नावाच्या माणसाशी काहीतरी करायचे असते म्हणून.

काय करतात? विमा किंवा कर्ज विकणारे काही विक्रेते पत्र उघडल्याची वर्दी मिळताच फोन फिरवतात. ‘सहज तुमची आठवण झाली,’ असे म्हणतात. आपल्याला वाटते, काय योग जुळून आला! योग कसला, आपण पत्र उघडून अर्धे मिनिटही झालेले नसते. यात खोटे कोठे आहे ते पाहा. पाळत तर आहेच, पण ती झाकण्यासाठी बोललेले ते ‘सहज’ हे खरे खोटे आहे. जे काम उघडपणे सांगता येत नाही, त्यात काहीतरी वाकडे असतेच. ‘तुम्ही आत्ता आमचे पत्र उघडलेत हे आम्ही पाहिले, म्हणून फोन केला’ असे कोणी विक्रेता म्हणून तर पाहू दे.

आणि ज्याच्या हाती सत्ता त्याच्या हाती ठिपका अधिक धोक्याचा. पाहुणा माझ्या बहिणीच्या घरावर अवलंबून नसतो. पण मालक नोकराला पत्र पाठवतो, बँक कर्जदाराला, दवाखाना रुग्णाला, शाळा पालकाला. त्या पहाटे दोनच्या वडिलांचे मला पुढे कळले. ते किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात रात्रपाळी करतात. त्यांनी हे मला कधी सांगितले नव्हते, सांगायचे कारणही नव्हते. पण तक्ता पाहिल्यापासून त्यांच्या मुलाने वर्गात जांभई दिली की माझ्या मनात यायचे, या घरात रात्री जागरण चालते वाटते! एका ठिपक्याने मला त्यांच्या घरात डोकावायला लावले, आणि दिसले तेही चुकीचे.

माझ्या हातून आणखी एक चूक झाली होती. ३४ कुटुंबांचे पत्ते आणि मुलांची नावे मी कोणालाही न विचारता परदेशातल्या एका कंपनीच्या यंत्रात भरली होती. फुकट मिळालेल्या सोयीची किंमत मी दिली नव्हती, पण ती दिली गेली होती. दुसऱ्यांच्या खिशातून.

कायदा काय म्हणतो

आपल्या देशात २०१७ चा डेटा संरक्षण कायदा १५ जानेवारी २०१८ पासून लागू आहे. २००४ च्या जुन्या कायद्याची जागा त्याने घेतली आणि युरोपच्या नियमांशी तो मिळताजुळता ठेवला आहे. त्यात संमतीची व्याख्या शिक्षकाने मुलांकडून पाठ करून घ्यावी अशी आहे. ती दडपणावाचून दिलेली, विशिष्ट कामापुरती, माहिती घेऊन दिलेली आणि संदिग्ध नसलेली असावी. म्हणजे गप्प बसणे ही संमती नव्हे, आणि जे माहीतच नाही त्याला संमती देता येत नाही. जाहिरातीसाठी आपल्या माहितीचा वापर होत असेल तर त्याला हरकत घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. सोळा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत जेथे संमती हवी, तेथे ती आई-वडिलांनी किंवा पालकाने द्यायची असते. तक्रारीसाठी डेटा संरक्षण आयुक्तांचे कार्यालय आहे. शिवाय आपल्या नागरी संहितेच्या २२ व्या कलमात खासगी जीवनाचा आदर हा प्रत्येकाचा हक्क म्हणून लिहिलेला आहे.

युरोपचे नियम आपल्याला दूरचे वाटतात, पण ते तसे नाहीत. २५ मे २०१८ पासून लागू झालेला त्यांचा कायदा युरोपातल्या लोकांना सेवा विकणाऱ्या किंवा त्यांच्या वागण्यावर नजर ठेवणाऱ्या बाहेरच्या व्यवसायांनाही लागू पडू शकतो. फ्रान्समधील पाहुण्यांना पत्रे पाठवणारी माझी बहीण आणि एबेनमधला आपला भाचा, दोघांनीही हे ध्यानात ठेवावे. युरोपच्या देखरेख मंडळींनी २००६ सालीच वाचणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या अशा नोंदीला कडक विरोध नोंदवला होता. २०२४ मध्ये त्यांच्या मंडळाने स्पष्ट केले की असे ठिपके २००२ च्या खासगीपणाविषयीच्या निर्देशाच्या कक्षेत येतात. फ्रान्सच्या आयोगाने २०२५ साली ई-मेलमधील ठिपक्यांसाठी खास शिफारशींचा मसुदा सार्वजनिक चर्चेसाठी मांडला. वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे ते उघड आहे.

तरी कायद्याची वाट कशाला पाहायची? दुसऱ्याची चिठ्ठी फोडू नये, हे आपल्या आज्यांना कोणत्या कलमाने शिकवले होते? त्यांच्यापैकी अनेकींना तर चिठ्ठी वाचताही येत नव्हती.

घरच्या घरी काय करता येईल

उपाय अवघड नाहीत. जीमेल वापरणाऱ्यांनी मांडणीच्या पानावर जाऊन बाहेरची चित्रे दाखवण्यापूर्वी विचारावे, हा पर्याय निवडावा. गूगल २०१३ च्या अखेरीपासून चित्रे आपल्या यंत्रांतून आणते, त्यामुळे आपले ठिकाण झाकले जाते, पण उघडल्याची नोंद त्याने थांबत नाही. ॲपलचा फोन असल्यास टपालाच्या गोपनीयतेची सोय चालू आहे ना ते पाहावे. थंडरबर्डसारखे काही कार्यक्रम बाहेरची चित्रे आपणहून अडवतात. मात्र चित्रे अडवली तरी दुव्यांवरची नोंद होतेच. म्हणून दुकानाच्या पानावर जायचे असेल तर पत्ता स्वतः लिहून जावे. घरातल्या आजी-आजोबांच्या फोनवर हे काम नातवंडांनी एका रविवारी बसून करून द्यावे.

आणि जे पत्र पाठवतात, मग ते दुकानदार असोत, मंडळाचे चिटणीस असोत वा माझ्यासारखे शिक्षक, त्यांनी आपल्या साधनातली नोंद बंद करता येते काय ते शोधावे. बंद होत नसेल तर वाचणाऱ्याला तसे स्पष्ट सांगावे, नाहीतर साधन बदलावे. शोधायला कठीण जाते, हेही सांगून ठेवते. मला पाऊण तास लागला. चालू करायला मात्र काहीच करावे लागले नव्हते.

मी त्या आईची क्षमा मागितली. तिने ती दिली, पण त्या दिवसापासून ती माझ्याशी थोडे जपून बोलते, असे मला वाटते. ते साहजिक आहे. यादी पुसण्याची विनंतीही मी त्या कंपनीला पाठवली. तिसऱ्या सत्राच्या परीक्षेचे पत्र मी साध्या अक्षरांत, चित्रांवाचून पाठवले आणि शेवटी एक ओळ घातली. ‘पत्र वाचल्यावर “वाचले” एवढेच उत्तर धाडावे, म्हणजे माझी काळजी मिटेल.’ २६ उत्तरे आली. उरलेल्या आठ जणांच्या मुलांना मी वहीवर सही आणायला सांगितले. आठही सह्या दोन दिवसांत आल्या.

रात्रपाळीच्या वडिलांचे उत्तर पहाटेच आले होते. या वेळी ती वेळ त्यांनी स्वतःहून मला कळवली होती. खाली त्यांनी लिहिले होते, “वाचले. आता झोपतो, मिस.”